'शंभर टक्के व्हॅनिला' सर्व्हरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक प्लॅनमध्ये व्हॅनिला म्हणून दिलेला माइनक्राफ्ट सर्व्हर व्हॅनिला नसल्याबाबत

महोदय/महोदया,

आम्ही पाच मावस-चुलत भावंडं रात्री जेवणं उरकली की तुमच्या सर्व्हरवर खेळतो. जाहिरातीत 'शंभर टक्के व्हॅनिला', म्हणजे काहीही न बदललेला मूळ खेळ, असं लिहिलं होतं, म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम भरले.

गनपावडर क्रीपर नावाच्या मॉन्स्टरकडून मिळते, म्हणून आम्ही समुद्रावर उंच क्रीपर फार्म बांधला. तीन आठवडे गेले त्यात. तासभर थांबलं तरी वस्तू गोळा करणाऱ्या हॉपरखालच्या पेटीत मूठभर पावडर. आमचंच काहीतरी चुकलं असं समजून दोन मजले पाडले, पुन्हा बांधले. शेवटी धाकट्याने बॅकअप उतरवून तेच वर्ल्ड, त्याच आवृत्तीत, आपल्या लॅपटॉपवर चालवलं, तर पेट्या भरून वाहायला लागल्या. मग सर्व्हरवर येऊन तांत्रिक माहिती दाखवणारं एफ३ बटण दाबलं. सर्व्हरच्या ओळीत 'पेपर' लिहिलेलं! म्हणजे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचा मूळ सर्व्हर नव्हे, तर इतरांनी त्यात बदल करून बनवलेला. पॅनेलमधली बुकिटची म्हणजे पेपरच्या सेटिंगची फाइल उघडली, तर एका वेळच्या मॉन्स्टरची मर्यादा २०. मूळ खेळात ती ७० आहे. मी ७० करून सेव्ह केली. रीस्टार्टनंतर पुन्हा २०.

तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर आलं, "प्लगइन एकही नाही सर, म्हणजे व्हॅनिलाच." हे मला मान्य नाही. पेपरला मला नावं ठेवायची नाहीत, गर्दीच्या सर्व्हरला त्याचा उपयोग आहेच. पण टीएनटी या स्फोटकाच्या फुकट प्रती काढणं, एरवी न फुटणारा बेडरॉक पिस्टनने फोडणं हे सगळं ते मुळातच बंद करून येतं. त्या खेळातल्या चुका म्हणा हवं तर, पण मोजांगच्या सर्व्हर फाइलवर त्या चालतात आणि आम्हाला त्या चुकांसकट खेळ हवा होता. उलट एकाने झोपून रात्र सरणं आम्ही स्वतः चालू केलंय. तो १.१७ पासून खेळातलाच गेमरूल म्हणजे नियमाची सेटिंग आहे, त्याला कोणी मॉड म्हणजे बाहेरून केलेला बदल म्हणणार नाही. इथे मात्र नियम तुम्ही बदललेत, तेही न सांगता.

आठ दिवसांत मोजांगची त्याच आवृत्तीची मूळ फाइल बसवून द्यावी. जमत नसेल तर उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करावेत आणि जाहिरातीतला 'व्हॅनिला' शब्द काढावा.

फाइल बदललीत तर एक कराच : तुमच्याकडे नेदर आणि एंड या खेळातल्या दुसऱ्या दुनियांचे फोल्डर वेगळे आहेत, ते मुख्य वर्ल्डच्या फोल्डरमध्ये योग्य जागी हलवा. नाहीतर नेदर कोरं तयार होईल आणि आमचा तिथला अख्खा बर्फाचा रस्ता जाईल.

आपला,
वार्षिक प्लॅनचा ग्राहक