क्लिष्ट, किचकट की गुंतागुंतीचं?

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सदा,

गुजरीतल्या सराफी पेढीसाठी लिहिलेला तुझा जाहिरातीचा मजकूर वाचला. बाकी झकास, पण 'साजावरची क्लिष्ट कलाकुसर' यातला 'क्लिष्ट' आधी खोड. त्याचा धातू 'क्लिश्', 'क्लेश'ही त्याच घरातला. परिपत्रकाची भाषा क्लिष्ट असते. त्रास वाचणाऱ्याला, दोष लिहिणाऱ्याचा. दागिन्याला हे विशेषण लावलंस तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरेल.

गळ्यातल्या कोल्हापुरी साजात 21 पानं: 10 दशावतारांची, 8 अष्टमंगलांची, 2 माणिक-पाचूची आणि एक ताईत. कारागीर म्हणणार, "लई किचकट काम हाय." त्याचं बरोबरच आहे. किचकट हा करणाऱ्याचा शब्द: पायऱ्या बारीकसारीक, वेळखाऊ, एक चुकली की मागचं उसवायचं. पण तुझं गिऱ्हाईक बघणारं. त्याच्यासाठी 'नाजूक, बारीक कलाकुसर' एवढं पुरे.

'गुंतागुंतीचं' म्हणताना भाग पुष्कळ हवेत आणि ते एकमेकांत अडकलेले हवेत. सातबारावर नऊ नावं, त्यातली दोन मयत, वारसनोंद अर्धवट, असा वाटणीचा दावा गुंतागुंतीचा. यात निंदा नाही, स्तुतीही नाही. दवाखान्यात मात्र जपून. 'बाळंतपणात गुंतागुंत झाली' म्हटलं की घरचे घाबरतात. आणि गुंता पुल्लिंगी असला तरी गुंतागुंत स्त्रीलिंगी, म्हणून 'गुंतागुंतीचा'. तू दोनदा 'गुंतागुंतचा' लिहिलंयस.

'जटिल' जटेवरून आला. हा प्रश्नालाच शोभतो, तोही सहज न सुटणाऱ्या. त्यातला 'टि' ऱ्हस्व, कारण शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. 'कठिन'चं मराठीत 'कठीण' झालं, त्याच्या नादानं लोक 'जटील' लिहून मोकळे होतात.

'व्यामिश्र'ची गंमत वेगळीच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्याच श्लोकात, अर्जुन 'व्यामिश्रेणेव वाक्येन' म्हणून कुरकुरतो: तुझ्या सरमिसळ बोलण्यानं माझी बुद्धी गोंधळते. आजचा समीक्षक मात्र कादंबरीला व्यामिश्र म्हणतो ते कौतुकानं. तक्रारीचा शब्द शाबासकीचा झाला! तरी जाहिरातीत नको, जड पडतो. इंग्रजी 'कॉम्प्लेक्स'साठी गणितातली संमिश्र संख्या, व्याकरणातलं मिश्र वाक्य, मानसशास्त्रातला गंड या मात्र ठरलेल्या संज्ञा. त्यांच्या जागी दुसरा शब्द बसवू नकोस.

अडलास तर विरुद्धार्थी शब्द लावून बघ. क्लिष्टच्या समोर सुबोध, किचकटसमोर सोपं, गुंतागुंतीच्या समोर सरळ. 'सुबोध साज' कानाला कसं लागतं सांग बरं.

शेवटच्या पानावर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचं 'जटिल शिल्पकाम' आहे, तेही बदल. 48 खांबांच्या त्या स्वर्गमंडपात सोडवायचं काय आहे? 'दाट कोरीवकाम' लिही. छापायला देण्याआधी पानं एकदा इकडे पाठव. ऱ्हस्व-दीर्घ मी बघतो.

तुझाच,
बापू