शनिवारचा सिनेमा: कृपया वेळेत या

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अँड्र्यू निकोल यांचा 'लॉर्ड ऑफ वॉर' (२००५) दाखवणार आहोत. लांबी दोन तासांहून किंचित जास्त.

न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवरच्या युक्रेनी कुटुंबातला युरी (निकोलस केज) शस्त्रांच्या दलालीत पडतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेनमधल्या बेवारस रायफली, रणगाडे विकून गब्बर होतो. त्याच्या विनोदांवर आपण हसतो आणि मग हसल्याचीच लाज वाटते. या सिनेमाचं म्हणावं तसं कौतुक झालं नाही, म्हणून मुद्दाम निवडलाय.

- ६ नंतर दार बंद. सुरुवातीलाच कॅमेरा एका काडतुसासोबत कारखान्यातून निघतो. ते कुठे पोचतं हे चुकलं तर अर्धा सिनेमा चुकला. (मागच्या वेळी निम्मी मंडळी चहा घेऊन सव्वासहाला आली होती!)
- हिंसा, ड्रग्ज, शिवीगाळ आहे. मुलांना आणू नका.
- सबटायटल्स इंग्रजी.
- नंतर अर्धा तास गप्पा. विषय: 'मी नाही विकलं तर दुसरा विकेल' हे युरीचं म्हणणं पटतं का?

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव कळवा, खुर्च्या सांगायच्या आहेत.