कोंबड्या काय काय खातात

मखमलाबाद, नाशिक
आषाढ

प्रिय मित्रा,

सहा कोंबड्यांना महिन्याला किती खाद्य लागेल, असं विचारलं होतंस. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम, म्हणजे सहा जणींना 20 किलोच्या आसपास. पण त्या मोकळ्या सोडल्यावर आणखी काय काय खातात, ते आणायच्या आधीच ऐकून ठेव.

गेल्या आठवड्यात पावसाची रात्र उलटली आणि सकाळी मी खुराडं उघडलं. सरपणाखालून उंदराचं पिल्लू निघालं. माझी तांबडी तलंग, जिला मी पिल्लू असताना हातावर कण्या चारल्या, तिनं ते चोचीत धरलं, जमिनीवर दोनदा आपटलं आणि अख्खं गिळलं. बाकीच्या ते हिसकावायला तिच्यामागे धावत होत्या. त्या सकाळी माझ्या घशाखाली चहा उतरेना. आई मात्र पेठ तालुक्याकडची. ती म्हणाली, "अरे, विंचू-गोम राहू नये म्हणूनच तर आम्ही अंगणात कोंबड्या ठेवायचो."

तेव्हापासून मी नीट बघतोय. पाल, सरड्याची पिल्लं, छोटे बेडूक, दिव्याखाली पडलेली पंखवाली वाळवी, काहीच सुटत नाही. विंचवाला आधी टोचून टोचून लुळा करतात, मग गिळतात. परवा एकीच्या चोचीत चकचकीत गांडूळ दिसलं. जवळ गेलो तर तो वाळा होता, बिचारा बिनविषारी साप, मातीत राहून मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. या जातीत नर नसतातच. माद्या नराशिवाय अंडी घालतात. तो वाचला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

कोंबडीवर मात्र राग धरवत नाही. तिचे पूर्वज तांबडे रानकोंबडे, पालापाचोळा उकरून मिळेल ते खाणारे. दात नाहीत, म्हणून बारीक खडे गिळायचे आणि पोटातल्या जाड स्नायूंनी त्या खड्यांवर सगळं दळायचं. अंड्याला प्रथिनं लागतात, पिसं तर जवळजवळ प्रथिनांचीच. पिसं झडायच्या दिवसांत नुसत्या ज्वारी-मक्यावर भागत नाही.

आता जे सांगतो, त्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो. गेल्या वर्षी शेजारच्या एका द्राक्षबागेत उंदरांसाठी विष टाकलं होतं. एक झिंगलेला उंदीर आमच्या परसात आला आणि माझ्या सगळ्यात जुन्या कोंबडीनं तो उचलला. संध्याकाळपर्यंत ती गेली. झिंक फॉस्फाईडचं असंच असतं, उंदराच्या पोटात न पचलेलं विष त्याला खाणाऱ्यालाही मारतं. मी तिला आंब्याखाली पुरलं. इतर कुणी उकरून खाऊ नये म्हणून खड्डा खोल घेतला.

म्हणून कोंबड्या आणण्याआधी शेजाऱ्यांकडे जा, काय टाकतात ते विचार, आणि स्वतःच्या घरात विष अजिबात आणू नकोस, पिंजराच लाव. परसाचा एक कोपराही जाळी मारून वेगळा ठेव. मी तसा ठेवलाय, दगड आणि पालापाचोळा टाकून. काल तिथे सापसुरळी ऊन खात बसली होती. जाळीबाहेरून पाचही जणी माना वाकड्या करून तिच्याकडे बघत होत्या.

जागेचं माप कळव. जाळी मी इथून घेऊन येतो.

तुझाच
मित्र