पावणेएकोणीस मिलिमीटर

भुसावळ,
दि. २ नोव्हेंबर

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मॉडेल रेल्वेची इंजिनं सोडून तू नुसते डबेच का जमवतोस?" तेवढ्यात वहिनींनी हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र.

आबा मालगाडीवर गार्ड होते, हे तुला माहीतच आहे. ड्यूटीवरून आले की गाडीला कुठलं इंजिन होतं ते कधी सांगायचे नाहीत. किती वॅगन होत्या, कशानं भरल्या होत्या, तेच सांगायचे. दीपनगरचा कोळसा, सावदा-रावेरहून दिल्लीकडे निघालेली केळी. गाडी आली की मी यार्डाच्या कुंपणाशी उभा राहून डबे मोजायचो, शेवटी गार्डाचा डबा यायचा आणि त्यात आबा दिसायचे. माझं सगळं लक्ष शेवटच्या डब्याकडे लागलेलं असायचं, ते आजही तसंच आहे.

आता कपाटात एकतीस डबे झालेत. सगळे एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. सगळ्यात लाडकी बॉक्सएन, ती कोळशाची उघडी वॅगन. खरी पावणेअकरा मीटरच्या आसपास, माझी १२३ मिलिमीटर. तिच्यात खरा कोळसा भरलाय. खलबत्त्यात कुटला, चहाच्या गाळणीनं चाळला आणि पातळ फेविकॉलवर पसरला. गाळणी नवी आणून द्यावी लागली, ते वेगळं.

पण नुसती दिसायला चांगली असून भागत नाही, ती चालली पाहिजे. प्लॅस्टिकची वॅगन हलकी असते. लांब गाडीत मधे जोडली की पुढून ओढ बसते आणि मागच्या डब्यांचं वजन मागे खेचतं, त्यात ती वळणावर आतल्या बाजूला कलंडते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं यासाठी एक हिशेब घालून दिलाय. एचओच्या डब्याला मूळ एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या बॉक्सएनला ते ९७ ग्रॅम येतं. एवढं नेमकं तोलायचं कुठे? जळगावला सराफाकडे गेलो! त्यानं सोन्याच्या काट्यावर कोळशाची वॅगन ठेवली, ती ६१ ग्रॅम भरली. आणखी ३६ ग्रॅम शिसं तळाशी चिकटवलं, आणि आता वळणावर ती जागची हलत नाही.

एक नुकसानही झालं, तेही सांगतो. गेल्या उन्हाळ्यात घराला रंग काढला होता, म्हणून खोकी माळ्यावर पत्र्याखाली ठेवली. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. खाली उतरवली तर निळ्या आयसीएफ, म्हणजे प्रवासी डब्याचं छप्पर केळीच्या पानासारखं वाकलेलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी. तेव्हापासून सगळे डबे देवघराच्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात आहेत.

आता मुद्द्याचं. मला पीजे करायची आहे. आपली पाचोरा-जामनेर छोटी नॅरोगेज गाडी, ५६ किलोमीटर. मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, आता तिथे ब्रॉडगेज होणार. ती व्हायलाच हवी, जामनेरकरांना मोठी गाडी मिळायला हवी. पण शेंदुर्णीला तुझ्या मामांकडे यात्रेला जायचो ती गाडी माझ्या टेबलावर तरी राहावी.

आणि गंमत बघ. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर. ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीसच्या थोडं वर येतं, पण एचओचे तयार रूळ असतात साडेसोळाचे, कारण ते परदेशातल्या १४३५ च्या गेजवरून आलेत. म्हणून माझे एवढे डबे, सगळे अरुंद रुळांवर उभे आहेत. ते मला कायम टोचतं. पीजे मात्र ७६२ ची. भागाकार येतो पावणेनऊ, आणि एचओहून लहान अशा एन मापाचे रूळ बाजारात तयार मिळतात ते ९ मिलिमीटरचे! फरक नखाएवढासुद्धा नाही. हा हिशेब जमला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी आबांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "त्यामा काय शे? छोटी गाडी, छोटा रूळ." आणि मग झोपलेच नाहीत, तासभर पहूरच्या गोष्टी सांगत बसले.

डबा मी घरीच कापणार, पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा. त्यासाठी माप हवं. तुझ्याकडे तो दहावीच्या वर्षीचा फोटो आहे ना, शेंदुर्णी स्टेशनावरचा? तू डब्याच्या दाराशी फलाटावर उभा आहेस, हातात मामींनी दिलेली शेवेची पिशवी. त्याच वर्षीच्या एनसीसीच्या अर्जात तुझी उंची ५ फूट ४ इंच लिहिलेली आहे, अर्ज मीच भरला होता. तुझी उंची पक्की असली की फोटोवर पट्टी ठेवून दाराची उंची, खिडकीची रुंदी, पायऱ्यांमधलं अंतर, सगळं काढता येईल. फोटो सरळ समोरून काढलेला आहे, म्हणून जमेल. मोबाइलवर पाठवू नकोस, कडा वाकड्या येतात. दिवाळीला येशील तेव्हा मूळ फोटोच आण. सांभाळून परत देईन.

बदल्यात तुलाही गाडीत घेणार आहे. ५ फूट ४ इंच भागिले ८७, म्हणजे जेमतेम पावणेएकोणीस मिलिमीटर. दाराशीच उभा करतो, पिशवीसकट. शर्टाचा रंग तेवढा कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आबा तुझी आठवण काढतात.

तुझाच,
पिंट्या