‘आत काय बोललास?’ हे विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशनाचे फोन नंबर छापून येतात. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा नंबर मी तसाच कापून फ्रिजवर चिकटवला होता. पण मुलाला समुपदेशकाकडे नेणाऱ्या घरच्यांनी बाहेर बसून कसं वागावं, हे कुणी छापत नाही. मी चुकलो, म्हणून लिहितो.

सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टर्नर होतो; लेथवर भाग कापायचा आणि गेज लावून त्याचं माप बरोबर आहे का ते तपासायचं. नातू १६ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याने कॉलेजला जाणं सोडलं, खोलीला आतून कडी. पहिल्यांदा ज्यांच्याकडे नेलं, त्यांनी तासाभराने आम्हाला आत बोलावलं आणि पोराने विश्वासाने सांगितलेलं सगळं त्याच्यासमोरच वाचून दाखवलं. त्यानंतर दोन महिने घरात जेवणापुरतं बोलणं.

दुसऱ्या मॅडम गंगापूर रोडच्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि बोलल्या मात्र त्याच्याशी. तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मला पुढे सांगावं लागेल, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याने कळवावंच लागतं. पण आधी तुला सांगेन. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि मूल अठराच्या आतलं असलं तरी पालकांना त्यांची जबाबदारी निभावण्यापुरतंच सांगायचं असतं, हे मला तिथेच कळलं.

कळलं, पण वळलं नाही. दर बुधवारी सिडकोहून स्कूटरवर न्यायचं, बाकावर बसायचं, आणि आतून आवाज कसला, तर पत्ते पिसल्याचा! (प्लायवूडचं पार्टिशन. कान लावला होता, कबूल.) आठशे रुपये मोजून भिकार-सावकार! चार बुधवार असे गेल्यावर मी फोन केला. “मॅडम, तो काही बोलतो का?”

“ते मी सांगणार नाही, काका. आणि तुमचा फोन आला होता, हे त्याला सांगणार.”

मला राग आला. पैसे माझे, नातू माझा.

पुढच्या बुधवारी पत्त्यांचा आवाज आला नाही. तो बाहेर आला सव्वा तासाने. मुंबई नाक्यावर गर्दीत अडकलो होतो, तेव्हा मागून म्हणाला, “आबा, तुम्ही मॅडमना फोन केला होता ना?”

“हो.”

“त्यांनी तुम्हाला काहीच नाही सांगितलं.” विचारत नव्हता, खात्री करून घेत होता.

महिनाभर पोरगं त्या बाईंना गेज लावून बघत होतं. जन्मभर गेज हाताळलेल्या मला ते कळू नये!

आता तो सायकलवर एकटा जातो. नेमकं काय झालं होतं, ते मला आजही ठाऊक नाही. विचारायची हुक्की येते; मग मी उठून चहा टाकतो, दोन कप. कधी तो येऊन पितो, कधी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नंबर छापाल, त्याखाली एक ओळ जोडा: बाहेर आलेल्या मुलाला ‘आत काय बोललास?’ असं विचारू नये. हवं तर भूक लागली का, ते विचारावं.

माझं नाव मात्र छापू नका. त्याला विचारलेलं नाही.

एक आजोबा, सिडको, नाशिक