पाच फोटोंत 25,942 नावे मावत नाहीत

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, असे आपल्या खात्याचे पत्र शाळांना आले. विषय आमच्या जिव्हाळ्याचा, म्हणून पहिली ओळ वाचून आनंद झाला. पुढे वाचले तर कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी सकाळी, वेळ 40 मिनिटे, आणि दुपारी तीनच्या आत पाच फोटो व एक व्हिडिओ लिंकवर टाकायचा. सोबतच्या चित्रफितीत इंडिया गेटच्या कमानीखाली ज्योत तेवताना दिसते. ती ज्योत 21 जानेवारी 2022 रोजी युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. कमानीखालची उलटी रायफल आणि तिच्यावरचे शिरस्त्राणही त्याच वर्षी युद्ध स्मारकाच्या आवारातल्या परमयोद्धा स्थळी हलवले गेले. पत्र काढणाऱ्यांनी एवढेही तपासले नाही. चुकीचे चित्र मुलांपुढे ठेवा आणि ठेवल्याचा पुरावा पाठवा, हे मनाला लागले म्हणून हे पत्र.

मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो. इंडिया गेट 1931 चे. त्यावर पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची नावे आहेत. त्याखालची ज्योत 1971 च्या युद्धानंतर, 26 जानेवारी 1972 रोजी आली. राष्ट्रीय युद्ध स्मारक वेगळे. त्याचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले आणि तिथली नावे स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली. त्यांच्यापैकी कोणाचे नाव युद्ध स्मारकात शोधले तर मिळणार नाही. हा फरक फळ्यावर दोन रकाने आखून आधी सांगावा लागतो. तो सुटला की पुढचे सगळे घसरते.

हे स्मारक पडद्यावर दाखवून कळत नाही, मैदानावर आखून कळते. चार चक्रे एकात एक आहेत: आत अमर चक्र, मग वीरता, मग त्याग, आणि बाहेर झाडांचे रक्षक चक्र. मैदानात खुंटी ठोकून 6, 4.5, 3 आणि 1.5 मीटर त्रिज्येची वर्तुळे फक्कीने काढावीत. सुरुवात बाहेरच्या वर्तुळापासून करायची. आतले आधी काढले तर बाहेरचे काढताना दोरी त्याच्यावरून फिरते आणि रेघ पुसते. सुतळी ओढली की लांबते, त्यामुळे प्रत्येक वर्तुळाआधी त्रिज्या टेपने पुन्हा मोजावी. एकूण रेघ 94 मीटर भरते, तेव्हा फक्की हाताशी भरपूर हवी. मधोमध 155 सेंटीमीटरची काठी उभी करायची. स्मारकाच्या मधोमध असलेला मूळ स्तंभ 15.5 मीटरचा आहे, म्हणजे प्रमाण एकास दहा. सहावीतली बरीच मुले काठीपेक्षा बुटकी असतात, आणि खरा स्तंभ याच्या दहापट आहे म्हटल्यावर ती मान वर करून बघतात.

त्याग चक्रात 16 भिंती आहेत. 4.5 मीटरच्या वर्तुळावर 16 खुणा करताना हमखास चूक होते. परिघाला 16 ने भागून 1.77 मीटर आले म्हणून टेपने सरळ मोजत गेले की शेवटची खूण वीसेक सेंटीमीटर सरकते, कारण टेप जीवा मोजतो, कंस नाही. त्यापेक्षा व्यास काढावा, त्याला लंब काढावा आणि प्रत्येक भाग दोनदा दुभागावा. प्रत्येक खुणेवर एक-दोन मुले उभी करावीत. वीरता चक्रासाठी सहा गट: गंगासागर, लोंगेवाला, तिथवाल, रेझांग ला, ऑपरेशन मेघदूत, ऑपरेशन ट्रायडंट. तिथे या सहा मोहिमांची ब्राँझची भित्तिशिल्पे आहेत. प्रत्येक गटाने नकाशावर ठिकाण दाखवावे आणि वर्ष सांगावे, एवढे पुरे. घोषणा नकोत. स्मारकात कोणी घोषणा देत नाही.

मग नावे. उद्घाटनाच्या वेळी तिथे 25,942 नावे होती, ग्रॅनाइटच्या पाट्यांवर सोनेरी अक्षरांत: हुद्दा, नाव, पलटण. एका नावाला दहा सेकंद दिले तरी सगळी वाचायला 72 तास लागतील. तुमची 40 मिनिटे यासमोर ठेवा, महोदय. म्हणून प्रत्येक मुलाला एकच नाव द्यायचे. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते, पण तिथे स्पेलिंग इंग्रजी. एकच मराठी आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले असते आणि मुले 'नाव नाही' म्हणून थांबतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पलटण आणि वर्ष मिळाले तर शोध जमतो. त्या कार्यालयाचे उत्तर यायला आठवडा लागतो, एक रात्र पुरत नाही.

आणखी एक सांगितलेच पाहिजे. परमयोद्धा स्थळी 21 परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत, पण हे सगळे रणात पडलेले नव्हेत. 1948 मध्ये राजौरीची वाट सुरुंगांतून मोकळी करणारे बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलाचे रामा राघोबा राणे पदक घ्यायला हयात होते. अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, 16 डिसेंबर 1971 रोजी पडले. सगळ्यांना सरसकट 'शहीद' म्हणणारे भाषण मुलांना चुकीचे शिकवते.

वर्गात एखाद्या जवानाचे मूल असू शकते. त्याला सर्वांसमोर उभे करायचे नसते. त्याच्या आईला आधी विचारायचे, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपवायचा. तुमच्या पत्रात नेमकी उलटी सूचना आहे: वीरनारींना, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींना, मंचावर बोलवा आणि फोटो काढा. आदल्या रात्री निरोप गेलेली बाई कोणत्या मनाने येईल, याचा विचार कोणी केला?

2024 पासून एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात या स्मारकावर कविता आहे. आमची मुले बालभारती वाचतात. त्यांच्यापर्यंत ती कशी पोहोचायची, हे पत्रात नाही. मतदार यादी आम्ही करायची, पोषण आहाराचा हिशेब आम्ही ठेवायचा, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीचे रकाने आम्ही भरायचे, आणि इतिहासाचा तास मात्र कोणत्याही कार्यक्रमासाठी रिकामा समजायचा. शिकवले की नाही हे कुणी विचारत नाही, लिंक भरली की नाही एवढेच विचारतात. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. मुलांच्या हाती त्यातून काय लागते, ते मंत्रालयात बसून दिसत नाही. आम्हाला रोज दिसते, आणि त्याचा त्रास होतो.

आम्हाला 15 दिवस आणि दोन जोडतास द्या. जिल्हावार नावांची यादी देवनागरीत करून प्रत्येक शाळेला पाठवा. जुनी चित्रफीत मागे घ्या. पुणे विभागातल्या शाळांची सहल पुण्यातल्या लष्कराच्या दक्षिण कमांडच्या युद्ध स्मारकात नेता यावी म्हणून परवानगीचा एकच अर्ज ठेवा. आणि फोटोची अट काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या वहीतले एक पान मागवा: एक नाव, एक हुद्दा, एक पलटण, एक गाव. ती पाने आम्ही पाठवू.

कळावे,
जिल्हा परिषद शाळांत इतिहास शिकवणारे शिक्षक