कौलंच घालणार, स्लॅब नाही

केरी, सत्तरी, गोवा
मे महिना

प्रिय मित्रा,

"जुन्या घराच्या दुरुस्तीचं कुठवर आलं" म्हणून तुझा मेसेज आला होता आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसले, कारण फोनवर दोन ओळीत सांगण्यासारखं ते नाहीच. आत्ता मेस्त, म्हणजे आमचा गवंडी, आणि त्याची माणसं फणसाखाली आडवी झालीयत, चार वाजेपर्यंत कोण उठत नाही, तेवढ्यात लिहिते.

मोठी बातमी म्हणजे स्लॅब घालायचा नाही हे ठरलं. घरात यावरून किती वाद झाले विचारू नको. काकांचं म्हणणं खोटं नाही रे, माकडं कौलांवर नाचतात, फोडतात, दरवर्षी पावसाच्या तोंडावर घर शाकारायचं म्हटलं तर माणूस मिळत नाही, मग वाड्यावरच्या लोकांनी पत्रे मारले तसे मारा नाहीतर सरळ स्लॅब ओता. पण मी एप्रिलात मावशीच्या स्लॅबच्या घरी राहून आले. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रभर खाली ऊब सोडत राहतो, वारा नाही, दमट हवा, पंखा फिरतो तो गरम हवाच फिरवतो. पत्रा तर दुपारी बाराला घरात बसू देत नाही. कौलांचं तसं नाही, दोन कौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि मध्ये माळा असला की खालची खोली अजून गार. आईला आता उन्हाने रात्र रात्र झोप नाही, तिच्या खोलीवर मी स्लॅब येऊ देणार नाही. शेवटी काकाच म्हणाले, घाल बाई तुझी कौलं. आणि माकडांवर उपाय म्हणजे ती ज्या फांदीवरून छपरावर उडी मारतात ती फणसाची एकच फांदी आहे, ती उतरवायची. पूर्ण बंद होणार नाहीत, पण निम्मा त्रास जाईल.

छप्पर उघडल्यावर कळलं की वासे मधून ठणठणीत आहेत आणि भिंतीत शिरतात तिथेच कुजलेत, वाळवी लागलीय. कारण काय तर मागे कधीतरी कोणीतरी मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावलं होतं. मातीची भिंत पावसात ओल घेते आणि नंतर सोडते, सिमेंटने ती ओल आतच कोंडली. प्लास्टर ठोकून पाडलं तर मागची माती हाताने निघत होती, मला खरंच वाईट वाटलं. आता खालचे चार थर जांभ्या चिऱ्याचे, वर जुनी भिंत तशीच ठेवून चुन्याचा गिलावा, आणि नवे वासे किंदळीच्या लाकडाचे. चुन्याची कळी पाण्यात विझवायची म्हणजे पाणी अक्षरशः उकळतं, मग ती मुरत ठेवायची, मेस्त त्यात गुळाचं पाणी घालतो. या उन्हात गिलावा फार लवकर सुकतो आणि तडकतो, म्हणून गोणपाटं ओली करून भिंतीवर टांगायची आणि दिवसातून चारपाच वेळा पाणी मारायचं. काम सकाळी सहा ते साडेदहा, मग पेज आणि चेपणीची तोरं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, मग सगळे झोपतात. मध्ये कोणी उन्हात उभं राहिलेलं मला चालत नाही, पैसे पूर्ण दिवसाचेच देते.

चुन्याच्या खड्ड्याची काळजी वेगळीच. रानातले झरे आटलेत, रात्री कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गवे उतरतात, सकाळी चिखलात ठसे दिसतात. पाणी दिसलं की जनावर तोंड घालणारच आणि चुना तोंड भाजतो, म्हणून खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर चिरे, आणि लांब माडांच्या भाटाच्या कडेला साध्या पाण्याची एक टाकी भरून ठेवतो. ती सकाळी रिकामी असते. 2023 च्या मार्चात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं, आठवतंय ना? तेव्हापासून उन्हाळ्यात डोंगरावर धूर दिसला की पोटात गोळा येतो. जनावरं शेवटी जाणार कुठे, आपल्या दारातच येणार.

चिऱ्यांच्या ढिगात फुरसं निघालं. दिवसा ते दगडाखालीच बसतं, अंगाची वेटोळी घासून खरखर करतं, त्या आवाजाने पोरगा मागे सरला म्हणून वाचला. तेव्हापासून नियमच केलाय, चिरा हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने कलता करायचा, आणि सगळ्यांना बूट. मारलं नाही, साप धरणाऱ्याला बोलावलं, तो बरणीत घालून घेऊन गेला. धामण मात्र मी कोणाला हात लावू देत नाही, ती आहे म्हणून तांदळाला उंदीर नाहीत.

आणि माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, व्यालीय! सांज झाली की वरून नवा तांदूळ शिजल्यासारखा वास येतो, आई म्हणते तो तिचाच. देवाच्या खोलीच्या वरचा कोपरा, पिल्लं अजून डोळे किलकिले करतायत. मेस्त म्हणाला धूर करूया, जाईल. मी म्हटलं नको, ते छप्पर शेवटी उघडू, आधी स्वयंपाकघराचं संपवू. त्याने कपाळाला हात लावला पण ऐकलं, आणि आता तोच पोरांना सांगतो वर आवाज करू नका रे. पाऊस मृगाला आला तर आमच्याकडे वेळ फार थोडा आहे, हे मला माहीत आहे, तरी तो कोपरा राहू दे.

आता खरं काम. आमची जुनी कौलं मंगळुरी आहेत, 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि मग सगळ्या किनाऱ्यावर ही कौलं गेली त्या वळणाची, जाड. हल्ली मिळतात त्यांच्या खाचा यांच्या खाचांत बसत नाहीत, मेस्तने लावून दाखवलं, मध्ये बोटभर फट राहते. निम्म्या छपराला पुरतील एवढी जुनी शाबूत निघालीत, बाकीची हवीत. तुमच्या सावंतवाडीच्या गोठ्याची कौलं उतरवून मागच्या अंगणात रचलीयत असं वहिनी म्हणत होती. तुम्हाला नको असतील तर मी योग्य भावाने घेते, फुकट मुळीच नको. तू फक्त एक कौल उलटं करून खालच्या बाजूचा फोटो पाठव, खाचा आणि शिक्का दिसेल असा, आणि बाजूला पट्टी ठेव म्हणजे लांबी-रुंदी कळेल. जुळलं तर या आठवड्यातच टेम्पो पाठवते.

तुझी,
सत्तरीची मैत्रीण